खाडीकाठची वजाबाकी

दिवाळी संपून दारातल्या रांगोळीचे रंग पुसट व्हायला लागले, की आमच्या घरात माळ्यावरच्या ट्रंका खाली यायच्या. माझे यजमान जमिनीखालची खनिजं शोधणाऱ्या सरकारी तुकडीत होते. पावसाळाभर कार्यालयात बसून नकाशे करायचे आणि कार्तिकापासून ज्येष्ठाच्या तोंडापर्यंत रानात तंबू ठोकून राहायचं, असं त्यांचं वर्ष. त्या सात-आठ महिन्यांना ते सगळे ‘हंगाम’ म्हणत, शेतकऱ्यांसारखे. ह्यांना जाऊन आता सहा वर्षं झाली. ट्रंका कधीच मोडीत गेल्या. तरी कोल्हापूरच्या वेशीबाहेर गुऱ्हाळं पेटली आणि संध्याकाळच्या हवेत काकवीचा वास मिसळला, की माझे हात अजून काहीतरी बांधाबांध करायला शोधतात.

ह्यांच्याबरोबर असे हंगाम मी पुष्कळ काढले. बहुतेक आता एकमेकांत मिसळून गेलेत. कुठला तंबू कुठल्या नदीकाठी होता ते सांगता येत नाही. एकच तेवढा वेगळा राहिला आहे. महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं, माझ्या लग्नाला दीड वर्ष झालं होतं आणि तुकडीचा मुक्काम मालवणजवळच्या एका खाडीकाठी पडला होता. गावाचं नाव लिहीत नाही. तिथं ओळखीची माणसं आहेत अजून.

फोंडाघाटाच्या वळणांवर एस.टी. झुकली की मी पोटावर हात ठेवायची. पाचवा महिना होता. आई म्हणाली होती, “पहिलटकरीण आहेस, परमुलखात कशाला जातेस?” सातव्यात परत येते, असं सांगून मी निघाले होते. मला समुद्र बघायचा होता. एवढंच कारण होतं, आणि ते आईला सांगण्यासारखं नव्हतं.

गाव दोन पायऱ्यांवर वसलेलं. वर सडा, म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं पठार. मार्गशीर्षात तिथलं गवत वाळून पिवळं पडलेलं आणि मधूनमधून काळा खडक वर आलेला. सड्याच्या पायथ्याशी माड, माडांखाली कोळ्यांची घरं आणि पुढं खाडी. भरतीला पाणी अंगणाच्या गडग्यापर्यंत, म्हणजे दगडी कुंपणापर्यंत यायचं, ओहोटीला इतकं मागं जायचं की चिखलात रुतलेल्या होड्या आडव्या पडलेल्या दिसायच्या. तुकडीचे तंबू वर सड्यावर होते. माझ्या अवस्थेमुळे आम्हाला खाली सगुणाकाकीच्या घराची पडवी मिळाली.

सगुणाकाकी पन्नाशीची असेल. सावळी, बारीक हाडाची, पायांत कायम घाई. पहाटे होड्यांवरून मासळी घ्यायची, पाटी डोक्यावर घेऊन मालवणच्या बाजारात जायची आणि दुपारी परत यायची. नवरा तापानं गेलेला. एकुलता एक मुलगा गणपत, तिचा गणू, मुंबईला गिरणीत होता. बाजारात ती शहरी मराठी बोलायची, पण माझ्याशी मालवणीच. मला कळलं नाही तर तेच वाक्य ती मोठ्यानं म्हणायची, ऐकू न आल्यासारखं. दहा-बारा दिवसांत मला सगळं कळायला लागलं. गणूची पत्रं मी तिला वाचून दाखवायची आणि ती सांगेल तसं उत्तर लिहायची. पत्रात तो नेहमी खोकल्याबद्दल लिहायचा. कापसाची धूळ छातीत बसते म्हणायचा. वाचून झालं की काकी पत्र हातात घेऊन थोडा वेळ तसंच बघत राहायची, उलटं धरून का होईना.

सातव्यात मी कोल्हापूरला परत जायची होते. गाठोडं बांधून ठेवलं होतं. त्याच्या चार दिवस आधी, पौष संपताना, भर दुपारी माझ्या पोटात कळा यायला लागल्या. हे सड्यावर कामावर होते. काकी नुकतीच बाजारातून आलेली. तिनं पाटी अंगणातच टाकली.

“घाबरू नको गो बाय, मी आसंय,” एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती.

मुलगी झाली. ऊन पडवीच्या पायरीशी होतं तेव्हा ती जन्मली आणि ते सरकत भिंतीला टेकायच्या आत गेली. काकीनं तिला कोमट पाण्यानं पुसलं, आपल्या जुन्या लुगड्याच्या मऊ पदरात गुंडाळलं आणि माझ्या कुशीत ठेवलं. तिची बोटं मी मोजली. दहाच्या दहा होती. संध्याकाळी हे आणि गावातले दोघे तिला सड्यावर घेऊन गेले. मला नेलं नाही. नेत नाहीत.

तिसऱ्या दिवशी दूध आलं. काकीनं फडक्यानं माझी छाती करकचून बांधली. मी कोरड्या डोळ्यांनी छपराकडे बघत होते. “रड गो बाय,” ती म्हणाली. “रडान घे.” मला रडू येत नव्हतं. पुढं कितीतरी दिवस मी कोणाशी बोलले नाही. आईचं पत्र आलं, घेऊन या म्हणून. मी गेले नाही. मुलगी तिथं होती, मी कुठं जाणार? काकी सकाळी मऊ पेज भरवायची, तेल लावून न्हाऊ घालायची आणि उशिरा बाजाराला जायची. उशिरा गेल्यावर मासळीला गिऱ्हाईक मिळत नाही, हे मला पुष्कळ नंतर समजलं.

माघातल्या एका सकाळी ह्यांनी माझ्यासमोर तीन वह्या, लॉगॅरिदमचं पुस्तक आणि आलेख कागद ठेवले.

“आकडेमोड करणारे कारकून विषमज्वरानं घरी गेलेत,” हे म्हणाले. “मला ही वजाबाकी जमत नाही. तू बघतेस?”

ह्यांना वजाबाकी जमत नव्हती, हे खोटं होतं. कारकून गेले होते, तेवढं खरं. मी गणित घेऊन बी.एस्सी. झाले होते, त्या काळच्या कोल्हापुरात अशा मुली मोजक्याच. मी उठून बसले आणि पहिली वही उघडली.

काम असं चालायचं. तारेचं मोठं वेटोळं उभं करून त्यात वीज खेळवायची. जमिनीत वीज वाहून नेणारं काही असलं, समजा तांब्याचं खनिज असलं, की त्यातही हलकी वीज जागी होते. लांबवर दुसरा माणूस लहान वेटोळं हातात धरून, कानांना हेडफोन लावून उभा राहायचा. वेटोळं हळूहळू कलतं करायचं. एका कोनाला कानातला सूर बुडून जातो. तो कोन वहीत लिहायचा आणि पन्नास पावलं पुढं जायचं. खाली काही नसेल तर कोन सरळ राहतो, असेल तर ढळतो. अडचण असते ती वरच्या मातीची. ओली चिकणमाती, त्यातून खाडीकाठची खारट, तीही वीज वाहून नेते आणि कानाला अगदी खनिजासारखी लागते. म्हणून वरच्या थरानं कोन किती ढळवला ते वेगळं काढायचं आणि प्रत्येक आकड्यातून वजा करायचं. उरेल ते खोलातलं.

परवा मुलगा मला कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. हल्ली कमी ऐकू येतं. काचेच्या खोलीत बसवून त्यांनी माझ्या कानांना हेडफोन लावले आणि म्हणाले, “आजी, सूर ऐकू येईल तोवर बोट वर ठेवा.” सूर बारीक होत होत बुडाला. बोट खाली घ्यायचं मला सुचलंच नाही. डॉक्टरीणबाई काचेवर टकटक करत राहिल्या. मी तेव्हा सड्यावर उभी होते, वाऱ्यात, आणि गणू हातात तारेची गुंडाळी घेऊन लांबून ओरडत होता, “वयनी, मिळालो काय?”

पण गणू यायचा होता अजून.

वरच्या थराची जाडी आणि गुण तुकडीच्या मुख्य साहेबांनी सड्याच्या उतारावर एका जागी मोजून ठेवले होते. तेच आकडे सगळ्या ओळींना लावायचे, असं वहीत लिहिलेलं. साहेब भले होते, पण घाईचे. मी सांगितल्याप्रमाणे केलं. आठ दिवस मांडी घालून वजाबाक्या करत होते. आकडे पुढं सरकत तसा दिवसही सरकायचा, एवढं मला पुरे होतं. सगळं वजा करूनही काकीच्या घरामागच्या सपाटीवर एक मोठं शिखर उरलं. आलेखावर ते मी निळ्या शाईनं काढलं. साहेब खूश झाले. त्यांनी गावकाराला, म्हणजे गावच्या प्रमुखाला बोलावून सांगितलं की इथं तांबं आहे, खाण होईल, तुमच्या पोरांना मुंबईला जावं लागणार नाही.

गावात दुसरं बोलणंच उरलं नाही. मी काकीला म्हटलं, “खाण झाली तर तुमचं घर जाईल, काकी.”

“घर जाव दे गो,” ती म्हणाली. “झील तरी घराक येतलो.” झील म्हणजे मुलगा.

त्याच दुपारी तिनं मला पत्र लिहायला बसवलं. ‘गावात खाण सुरू होणार असं म्हणतात’, असं मी लिहिलं आणि वाचून दाखवलं. काकीनं हात वर केला.

“‘म्हणतात’ कित्याक लिवलंस? मशीन काय खोटा बोलता?”

“अजून पक्कं नाही, काकी.”

“तू आकडे केलंस मां? मगे? काढ तो शबुद. तसा लिवलंस तर तो येवचो नाय.”

मी तो शब्द खोडला. माझाच आलेख होता, माझाही त्याच्यावर विश्वास होता. शिवाय त्या दिवसांत काकीनं काहीही मागितलं असतं तरी मी नाही म्हटलं नसतं.

शिमग्याला मुंबईकर गावी येतात, तसा गणू आला. फक्त तो परत जाण्यासाठी आला नव्हता. गिरणीतली जागा सोडून, वळकटी घेऊन आला होता. उंच, खांदे पुढं झुकलेले, बोलताना मध्येच खोकल्याची उबळ. पहिल्या आठवड्यात त्यानं घराचं छप्पर शाकारलं. दुसऱ्या आठवड्यात तुकडीवर तारा ओढायच्या कामाला लागला. चैत्र लागेतो त्याचा खोकला कमी झाला होता. ओहोटीला तो खाडीतून तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, काढून आणायचा आणि आईशेजारी बसून कालवण होईपर्यंत बडबडायचा. काकी चुलीपाशी हसायची. तिचा वरचा एक दात पडलेला आहे, हे मला तेव्हा प्रथम दिसलं.

एक दिवस दुपारी तो पडवीशी येऊन उभा राहिला. “वयनी, चला,” म्हणाला. “एक जागा दाखवतंय.”

तो पुढं, मी मागं, असे आम्ही सड्याच्या पायऱ्या चढलो. बाळंतपणानंतर मी प्रथमच एवढी चालत होते. करवंदीच्या जाळीआड त्यानं चार चिरे चौकोनात रचले होते. “गुरा पाय ठेवतत म्हणान,” तो म्हणाला, आणि पाठ फिरवून लांब जाऊन उभा राहिला. मी तिथं बसले आणि मला रडू आलं. किती वेळ गेला ते ठाऊक नाही. तो हललाही नाही आणि वळलाही नाही. परत येताना सगळी वाट तो मुंबईच्या ट्रामबद्दल बोलत होता.

त्यानंतर मी रोज थोडी वर जायला लागले, कधी हेडफोन लावून वाचनही घेऊ लागले आणि कामही मन लावून पाहायला लागले. आणि मग एक गोष्ट मला खुपायला लागली. आमचं मशीन दोन सुरांत वाचन देत असे. उंच सूर वरच्या वरच जिरतो, खालचा सूर खोलवर पोचतो. शिखर खोलातलं असेल तर ते खालच्या सुरात ठळक दिसायला हवं. काकीच्या घरामागं नेमकं उलट होतं. मी वही मिटायची आणि पुन्हा उघडायची. शेवटी ह्यांना म्हटलं, “त्या सपाटीवर वरची माती वेगळी असली तर?” हे म्हणाले, “खड्डे घेऊन बघू. गणपतला सांगतो.”

गणूनं पन्नास-पन्नास पावलांवर खड्डे घेतले. चार लोखंडी खुंट्या रोवून आम्ही प्रत्येक खड्ड्यापाशी मातीतून वीज किती जाते ते मोजत गेलो. सड्याकडच्या खड्ड्यांत दोन हातांवर जांभा लागला. सपाटीवर मात्र कुदळ खाली खालीच जात राहिली. काळपट, गुळगुळीत चिकणमाती निघत होती. गणूनं चिमूटभर उचलून जिभेवर ठेवली.

“खारट लागता, वयनी,” तो हसून म्हणाला. “माजो आजो सांगायचो, पूर्वी हयसर खाडीचा पाणी येयचा. मगे बांध घातलो.”

मी वहीत लिहिलं : जुनी खाडी, खारट माती, जाडी पुरुषभर. लिहिताना मला कळलं होतं. त्याला कळलं नव्हतं. तो थुंकून, तोंड पुसून पुढच्या खड्ड्याकडे गेला.

नवे आकडे घेऊन मी वजाबाकी केली. प्रत्येक जागेला तिथलीच माती लावली. शिखर बसलं. साफ बसलं, आलेखाची रेघ सड्यापासून खाडीपर्यंत सरळ आली. मी दुसऱ्यांदा केलं, तिसऱ्यांदा केलं. लॉगॅरिदम चुकला असावा असं मला मनापासून वाटत होतं. ह्यांनी दिवसभर तपासलं आणि संध्याकाळी वही माझ्याकडे सरकवली.

“बरोबर आहे तुझं. खाली काही नाही.”

“साहेबांना सांगायलाच हवं का?” मी विचारलं. “पहिलाच आलेख वरच्या कार्यालयात गेला तर पुढच्या वर्षी बोअर मारायला लोक येतील. वर्षभर गावात काम राहील. गणू इथंच राहील.”

ह्यांनी वही मिटली. म्हणाले, “आणि बोअरमध्ये काही लागलं नाही की? तोवर आणखी किती पोरं मुंबई सोडून येतील?”

ते बरोबर बोलत होते. मीही वाद घातला नाही. इतक्या वर्षांत त्या संध्याकाळकडे मी अनेकदा परत गेले, प्रत्येक वेळी दुसरं काहीतरी बोलायचं ठरवून. आणि दुसरं बोलण्यासारखं काही सापडलं नाही.

साहेब आधी रागावले, मग पूर्ण ओळ पुन्हा घ्यायला लावली. चैत्राच्या उन्हात सडा तापून तव्यासारखा झाला होता. आकडे तेच आले. साहेबांनी अहवाल बदलला, आणि गावाला सांगायचं काम ह्यांच्यावर आलं. देवळाच्या मांडवात माणसं जमली. हे सरळ, कार्यालयात बोलतात तसं बोलले : खाली तांबं नाही, खाण होणार नाही.

“म्हणजे मशीन चुकला?” मागून कोणीतरी विचारलं.

“मशीन चुकलं नाही. वरची माती खारट आहे. तिचाच आवाज होता.”

गणू खांबाला टेकून उभा होता. मी बायकांत बसले होते. त्यानं माझ्याकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर राग असता तर मला सोसलं असतं. तो काहीतरी आठवत असल्यासारखा बघत होता. नंतर अंगणात त्यानं मला विचारलं, “गणित तुमीच केल्यात मां, वयनी?”

“हो.”

“बरोबर आसा?”

“तीनदा केलं, गणू.”

“मगे झाला,” तो म्हणाला. “माती तर मीच चाखलंय.”

गिरणीत त्याची जागा राहिली नव्हती. पत्र टाकून पाहिलं, उत्तर आलं नाही. वैशाखात तुकडीनं तंबू उतरवले. आम्ही निघालो तोवर गणू एका ओळखीच्याच्या होडीवर जायला लागला होता. पावसाआधीचे शेवटचे दिवस, माणसं कमी, त्याला लगेच घेतलं. लहानपणापासून तो खाडीत पोहलेला, पण समुद्रावर कामाला कधी गेला नव्हता. त्यानं समुद्रावर जाऊ नये म्हणूनच काकीनं त्याला मुंबईला धाडलं होतं. “पंधरा दिवसांचो प्रश्न,” तो मला म्हणाला. “मगे होड्यो वर. दिवाळीनंतर बघू.” काकीनं माझी ओटी भरली. नारळ माझ्या पदरात घालताना तिनं माझ्या गालाला हात लावला, आणि आमची एस.टी. सुटली.

ज्येष्ठ नुकताच लागला होता तेव्हा पोस्टकार्ड आलं. गावच्या मास्तरांचं वळणदार अक्षर. ‘कळविण्यास अत्यंत दुःख होते की’ अशी सुरुवात. सकाळी होडी परतत असताना खाडीच्या तोंडाशी लाटेनं उलटली. तिघे किनाऱ्याला लागले. गणपत तिसऱ्या दिवशी मिळाला. खाली ‘सौ. वहिनींस व साहेबांस सगुणाबाईंचा नमस्कार’. काकीनं असं कधी म्हटलं नसतं. ती काय म्हणाली असेल आणि मास्तरांनी त्याचं काय लिहिलं असेल, हे मी ते कार्ड हातात धरून शोधत राहिले.

पावसानं घाट बंद होता. खरं म्हणजे सतत बंद नव्हता; मी जाऊ शकले असते. मी गेले नाही. पुढच्या कार्तिकात ह्यांची तुकडी दुसरीकडे निघाली, तेव्हा मी म्हटलं, मला आधी तिथं जाऊन यायचंय. हे बरोबर येतो म्हणाले. मी एकटीच गेले.

काकी अंगणात मासळी निवडत होती. केस पांढरे झालेले. मला बघून उठली नाही, पाट पुढं सरकवला. मी बसले. प्रवासभर जे पाठ केलं होतं ते एका दमात बोलून टाकलं : गणित मी केलं होतं, ह्यांनी नाही. मी ते केलं नसतं तर खाणीचं बोलणं वर्षभर टिकलं असतं आणि गणू होडीवर गेला नसता.

तिचे हात थांबले नाहीत. लहान मासे एका बाजूला, मोठे दुसऱ्या.

“माका म्हायत आसा,” ती म्हणाली. “गणून त्याच दिवशी सांगल्यान.”

“मग जाताना तुम्ही माझी ओटी भरलीत. काही बोलला नाहीत.”

“काय बोलू?” तिनं पहिल्यांदा वर पाहिलं. “तुजा गणित चुकला नाय. चुकला असता तर बरा झाला असता गो बाय. कोण तरी गावला असता माका शिव्या घालूक.”

मी तिच्या बाजूला सरकले आणि मासे निवडायला लागले. मला नीट येत नव्हतं. मी चुकीच्या ढिगात टाकलेले ती उचलून योग्य जागी ठेवत होती. पाटी भरली. ती उठली, डोक्यावर चुंबळ ठेवून माझ्यासमोर उभी राहिली. मी पाटीला हात घातला. एवढं ओझं ती रोज नेत होती हे मला माहीत नव्हतं. दोन्ही हातांनी जोर लावून मी ती तिच्या डोक्यावर दिली. मान ताठ करून, एक हात कमरेवर ठेवून ती माडांमधल्या वाटेनं मालवणच्या बाजाराकडे निघून गेली.